जावक क्रमांक चारशे सतरा

सोमवारी सकाळी कचेरीतल्या लिपिक देवरावानं जावक रजिस्टर उघडलं. चारशे सोळा आणि चारशे अठरा यांच्या मधोमध, त्याच्याच वळणदार अक्षरात एक नोंद बसली होती : 'क्र. ४१७. विषय – तांड्यावरील शाळेच्या टिनपत्र्यांची अफरातफर.'

आता हे पत्र निनावी होतं. ते निनावी राहावं म्हणून देवरावानं खटपट कमी केली नव्हती. डाव्या हातानं लिहिलं, खाली नुसतं 'एक नागरिक' म्हटलं, भीतीपोटी चोराचं नावसुद्धा घातलं नाही. पोस्टमास्तर पाकीट टाकणाऱ्याचं तोंड लक्षात ठेवतो, म्हणून पेटीकडे न जाता ते शुक्रवारच्या सरकारी डाकेत हळूच सरकवलं. आणि तिथंच घात झाला. तीन वर्षं या हातानं एकही कागद नंबराशिवाय कचेरीबाहेर सोडला नव्हता. 'पकडला गेलो तर काय' या काळजीत डोकं बुडालेलं असताना हातानं नंबर घातला, तारीख घातली, गोल शिक्का मारला आणि कागद रजिस्टरावर चढवला.

कचेरी कुठली ते विचारू नका. पांढरकवड्याच्या अंगाला कुठंतरी, साल त्रेसष्ट, एवढं पुरे. तांड्याच्या शाळेसाठी चाळीस टिनपत्रे आले होते. ते शाळेवर चढलेच नाहीत, साहेबांच्या मेहुण्याच्या कापसाच्या शेडवर चढले. जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक एस.टी.तून ते चकाकताना दिसत. शाळेच्या छपराला पळसाचा पाला आणि कुजकी लाकडी बल्ली राहिली. उन्हाळ्यात वावटळ आली, ती बल्ली तांड्याचे नायक हिरासिंग यांच्या नातीवर पडली. ती पोर, जमनी, अजून पाय ओढत चालते. हिरासिंगनं शाळेच्या मास्तरांकडून लिहवून पाच अर्ज दिले. देवरावानं पाचांवर आवक नंबर घातले, साहेबांनी पाचांवर 'पाहिले' लिहून सही केली, आणि पाचही कपाटात गेले.

"तुमाले कोनी सांगतलं होतं नंबर टाकाले?" दुपारी भाकर वाढताना बायकोनं, प्रभावतीनं विचारलं.

"कोनी नाई. हातच गेला."

"अन् तुमाले कायम कराची शिफारस साह्यबाच्याच सहीसाठी अटकून राह्यली."

"खोडून टाकू का?"

"मंग तं चोर तुमीच ठरान."

छप्पन साली, धम्मदीक्षेच्या वर्षी, देवराव मॅट्रिक झाला होता आणि घराण्यात सरकारी खुर्चीवर बसणारा तो पहिलाच. बोरी अरबचा त्याचा बाप अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगत असे. खुर्ची मात्र हंगामी होती.

पंधरा दिवसांनी यवतमाळहून वरच्या ऑफिसचं पत्र आलं. हेडक्लार्क उकंडराव ते साहेबांपुढे वाचू लागले : "आपले पत्र क्रमांक ४१७ मिळाले. आपल्या कार्यालयातील अफरातफर आपण होऊन निदर्शनास आणल्याबद्दल समाधान वाटते. पत्राखाली नुसते 'एक नागरिक' आहे, अक्षर डाव्या हाताने लिहिल्यासारखे आहे व आपली सही राहून गेली आहे. तरी सही केलेली प्रत पाठवावी व जबाबदार इसमाचे नाव त्वरित कळवावे."

साहेब पांढरे पडले. "पत्र आमचं नव्हे, असं कळवा."

"मंग शिक्का कोनी मारला ते इचारतीन," उकंडराव म्हणाले. "कागदोपत्री शिक्का तुमच्याच ताब्यात असते. निनावी असतं तं फाइलीत पडलं असतं, साह्यब. पन याले नंबर हाये. नंबर असला का उत्तर देनं आलं."

साहेबांनी रजिस्टर मागवलं, नोंद पाहिली आणि देवरावाला पुढे बोलावलं.

"देवराव, हे पत्र मी तुला तोंडी सांगितलं होतं. हो ना?"

"हो साहेब."

"सही तेवढी राहिली होती."

"हो साहेब."

"प्रत काढून आण, सही करतो. आणि अक्षर सुधार जरा. डाव्या हातानं लिहिल्यासारखं होतं म्हणे."

देवराव सुटला. त्याचा आनंद चार वाजेपर्यंत टिकला. चार वाजता साहेबांनी चाळीस पत्र्यांची पावती काढली. तिच्यावर हिरासिंगचा अंगठा होता.

"माल यानं घेतला, शाळेवर मात्र चढवला नाही. जबाबदार हाच. तशा पत्रावर मी सही केलीय, आजच्या डाकेत घाल. आणि ही तुझी शिफारस. तिच्यावरही सही झाली."

तो अंगठा देवरावानंच धरून उमटवला होता. साहेबांनी घडी घातलेला कागद पुढे केला होता आणि 'अर्जाची पोच आहे' म्हणून सांगितलं होतं. देवरावानं न वाचताच तेच म्हटलं होतं, "पोच हाये नायक, ठेवा अंगठा." त्याला स्वतःची शरम वाटली.

तो टेबलाशी बसला. शिफारशीला नंबर घातला, चारशे त्रेसष्ट. हिरासिंगवरच्या पत्राला घातला, चारशे चौसष्ट. मग उठून कपाट उघडलं, पाचही अर्ज काढले आणि पत्राच्या तळाशी उजव्या हातानं लिहिलं : 'सोबत – हिरासिंग नायक यांचे पाच अर्ज, साहेबांच्या सहीनिशी. पावतीवरील अंगठा अर्जाची पोच म्हणून मी घेतला. देवराव, जावक लिपिक.' सगळं रजिस्टरावर चढवून त्यानं शिक्का मारला. या वेळी डोकं हाताबरोबर होतं.

चौकशी आली. हिरासिंग सुटला. अफरातफर आपण होऊन उघड केलेली असल्यानं साहेबांची नुसती बदली झाली, तीही मोठ्या तालुक्याला. अधिकाऱ्यानं सही केलेल्या पत्रात भर घातली म्हणून देवरावाची नोकरी गेली. महिन्याभरानं शिफारस परत आली : 'सदर इसम सेवेत नसल्याने विचार करता येत नाही.' शेडवरचे पत्रे उतरवून कचेरीच्या आवारात पुरावा म्हणून रचून ठेवले. कागदोपत्री चौकशी पुरी होईपर्यंत त्यांना कोणी हात लावायचा नव्हता. त्यांना गंज चढला तरी ती चालूच होती.

देवराव आता कचेरीच्या फाटकाबाहेर निंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहितो. एक दिवस हिरासिंग आला.

"बाबू, पत्रे तं इथूनच दिसून राह्यले. कवा भेटतीन?"

"अर्ज करू, नायक."

देवरावानं सहावा अर्ज लिहिला. खाली 'लिहिणार' म्हणून स्वतःचं पूर्ण नाव घातलं. मग हात सवयीनं वरच्या कोपऱ्याकडे, नंबराच्या जागी गेला आणि तिथंच थांबला. त्यानं शाईची डबी पुढे सरकवली.

हिरासिंगनं अंगठा उचलला, पण टेकवला नाही.

"आधी वाचून दाखव, बाबू," तो म्हणाला.

देवरावानं मान खाली घातली आणि पहिल्या अक्षरापासून वाचायला सुरुवात केली.