तीन घड्यांचा टॉवेल

ताईच्या पर्समध्ये बारकूच्या घराची दुसरी किल्ली होती, आणि ती तिथे असायला नको होती. हे ताईलाही पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर तिने ती डोकेदुखीच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत ठेवली होती. आपल्याच पर्समध्ये आपल्यापासूनच वस्तू लपवायची म्हणजे एवढा खटाटोप करावाच लागतो.

बारकू हा ताईचा धाकटा भाऊ. जन्मला तेव्हा ओंजळीत मावेल एवढा होता, म्हणून बारकू. आता चाळिशीला टेकला होता आणि दारातून आत येताना मान वाकवायचा, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. त्याला एखादी गोष्ट समजायला इतरांपेक्षा जरा वेळ लागे. मात्र एकदा समजली की काळ्या दगडावरची रेघ! हॉटेलांचे कपडे धुणाऱ्या एका मोठ्या लाँड्रीत तो टॉवेलांच्या घड्या घालायचा. तीन घड्या, कड आतल्या बाजूला. त्याने घातलेली घडी उलगडायला पाहुण्यांचं मन धजत नसेल, असं त्याचे मुकादम म्हणत.

आईवडील गेल्यापासून तो ताईकडेच होता. एके दिवशी जेवता जेवता त्याने चमचा खाली ठेवला आणि म्हणाला, "ताई, मला माझं घर हवंय."

"अरे, हेच तर तुझं घर!"

"हे तुझं आहे. मी कपाट उघडलं की तू विचारतेस, काय हवंय?"

ताईने त्याच्या ताटात आणखी भात वाढला, आणि दुसऱ्या दिवसापासून चौकशीला लागली.

अशा माणसांना स्वतःच्या घरी राहता यावं म्हणून मदत करणारी एक संस्था गावात होती. तिथल्या मॅडमनी तळमजल्यावरच्या दोन खोल्या शोधून दिल्या. मागे गॅलरी, गॅलरीखाली फुलझाडं. सकाळ-संध्याकाळ एक मदतनीस बाई येणार, बिलं वाचून दाखवणार, बाजारहाटाला सोबत करणार. सामान लागलं त्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "बारकू, मदत तुम्हाला हवी तेवढी आणि हवी तेव्हा. पण घर तुमचं. तो तुमचा हक्क आहे. तुम्ही 'ये' म्हटल्याशिवाय कोणी आत यायचं नाही. मीसुद्धा नाही."

"ताईसुद्धा नाही?"

"ताईसुद्धा नाही."

बारकूने ताईकडे पाहिलं. ताईने मान हलवली. अगदी ठासून हलवली.

आता ताईची बाजूही बघायला हवी. ती एका दवाखान्यात खिडकीमागे बसून पेशंटची नावं पुकारायची. "थांबा, बोलावते," हे वाक्य दिवसभरात इतक्यांदा म्हणायची की झोपेतही तिच्या तोंडून तेच निघायचं. दुपारी सुटली की पूर्वी ती धावत घरी जायची, बारकूचं खाणं, बारकूचे कपडे. आता घरी जाऊन करणार काय? भिंतींशी बोलणार? एका दुपारी तिचे पाय आपोआप त्याच्या घराकडे वळले. तो कामावर होता. सामान लावताना हाती आलेली दुसरी किल्ली तिने परत दिलीच नव्हती. नुसतं बघून येऊ, असं म्हणत ती आत गेली, आणि समोर बुडाला करपलेलं पातेलं! ताईचे हात शिवशिवले. तिने ते आरशासारखं लखलखीत केलं आणि गुपचूप निघून आली. त्या रात्री तिला फार दिवसांनी गाढ झोप लागली.

मग काय, चटकच लागली. एकदा फ्रिज पुसला. एकदा शर्टाचं तुटलेलं बटण शिवलं. आणि टॉवेल! कपाटात टॉवेल कसेतरीच रुंद घडीचे दिसले, म्हणून तिने ते सगळे आईने शिकवल्याप्रमाणे चार घड्यांचे करून ठेवले. पुढच्या वेळी बघते तर पुन्हा रुंद. तिने पुन्हा चार घड्या घातल्या. बारकू फोनवर याबद्दल चकार शब्द काढत नव्हता, म्हणजे त्याच्या काही लक्षात आलं नाही, असं ताई धरून चालली.

त्या दिवशी ताई बारकूचाच एप्रन बांधून आणि पिवळे रबरी हातमोजे घालून गॅलरीचा कठडा पुसत होती, तेवढ्यात पुढच्या दाराला किल्ली फिरल्याचा आवाज आला. या वेळी हा घरी कसा? तिने गॅलरीचं दार पटकन ओढून घेतलं आणि वाळत घातलेल्या चादरीमागे उकिडवी बसली. दाराच्या काचेतून आतलं सगळं दिसत होतं. बारकू एकटा नव्हता. मागून मदतनीस बाई आल्या, आणि त्यांच्या मागून मॅडम!

"या," बारकू प्रत्येकीला वेगवेगळं म्हणाला. "पाय पुसा."

स्वयंपाकाच्या ओट्यावर ताईची पर्स ऐसपैस बसलेली होती. मदतनीस बाईंनी ती मॅडमची समजून अदबीने बाजूला सरकवली. मॅडमनी ती बाईंची समजून परत मधे आणून ठेवली. ताईने देवाचे आभार मानले. पण बारकू घरी आल्यावर सगळ्यात आधी काय करतो, हे देवाने तिला सांगितलं नव्हतं. तो गॅलरीपाशी आला आणि त्याने दाराला आतून कडी घातली. खट्!

"आता बघा, मॅडम." बारकूने कपाट उघडलं. "सकाळी मी टॉवेलांना तीन घड्या घातल्या होत्या. आता चार आहेत. घरात कोणीतरी येतं."

"आणि काय नेतं?"

"काही नेत नाही. भांडी घासतं."

ताईने तोंडावर हातमोजा दाबला.

"मॅडम, असा चोर असतो का कुठं?" मदतनीस बाई काळजीने म्हणाल्या. "मागे म्हणाले, चोराने फ्रिज पुसला. मग म्हणाले, चोराने बटण शिवलं! माझ्याकडे असा चोर आला तर मी त्याला जेवायला वाढीन. पण मला भीती वाटते हो. भास होत असतील यांना."

मॅडमनी खुर्ची जवळ ओढली. "बारकू, तुम्हाला इथं एकट्याला भीती वाटते का?"

"भीती नाही. राग येतो."

"थोडे दिवस ताईकडे राहता का? डॉक्टरांना दाखवू. मग पुढचं बघू."

"नको. हे माझं घर आहे. तुम्हीच सांगितलंत."

"सांगितलं, आणि तुमच्या मनाविरुद्ध मी काही करणार नाही. पण रोज कोणीतरी घरात शिरतंय असं तुम्हाला वाटत राहिलं, तर हे घर तुम्हाला झेपत नाही असं संस्थेतली वरची मंडळी म्हणतील. त्यांना मी काय सांगू?"

बारकूने एक टॉवेल मांडीवर घेतला, चार घड्या उलगडल्या आणि सावकाश तीन घालायला लागला.

बाहेर चादरीमागे ताईचं मन, खरं सांगायचं तर, आधी टुणकन उडालं. बारकू घरी येणार! त्याची खोली तिने जशीच्या तशी ठेवली होती, अंथरुणासकट. तिने फक्त आवाज न करता सटकायचं होतं. आणि सटकल्यावर बारकू वेडा ठरणार होता. हा दुसरा विचार मनात यायच्या आधीच तिचा एक पाय कठड्याच्या पलीकडे गेला होता, आणि एप्रनचा बंद कठड्याच्या खिळ्यात अडकला होता.

"काय हो बाई?" खालून आवाज आला. वरच्या मजल्यावरचे आजोबा हातात पाव घेऊन उभे होते. "काय चाललंय?"

"खिडक्या पुसतेय," ताई कुजबुजली.

"आँ?"

"खिडक्या, खिडक्या!"

"असं होय! मग आमच्याही दोन पुसून जा. पण आमचा जिना पुढून आहे."

आजोबा गेले. ताई बंद सोडवायला लागली, आणि आतून मॅडमचा आवाज तिच्या कानावर पडला, "बारकू, तुमची ताई तर येत नसेल?"

"ताई नाही येणार," बारकू म्हणाला. त्याच्या आवाजात एवढीशीही शंका नव्हती. "तिने मान हलवली होती. ताई खोटं बोलत नाही."

एक पाय घरात, एक पाय बाहेर, हातात पिवळे हातमोजे, अशी ताई क्षणभर तशीच राहिली. मग तिने बाहेरचा पाय परत आत घेतला आणि गॅलरीच्या दारावर टकटक केली.

आत तिघंही दचकली. मदतनीस बाई मॅडमच्या मागे गेल्या, मॅडम खुर्चीच्या मागे. बारकू तेवढा दाराशी आला.

"कोण?"

"मी... ताई."

बारकूने काचेतून तिला नीट पाहून घेतलं. एप्रन पाहिला. हातमोजे पाहिले. बराच वेळ पाहिलं.

"बेल वाजव," तो म्हणाला.

"अरे, गॅलरीला बेल कुठाय?"

"पुढच्या दाराला आहे."

"बारकू, कडी काढ ना रे! मी आता कठड्यावरून उडी मारू?"

"आलीस कुठून?"

"पुढच्या दारानेच."

"मग तिथूनच ये."

ताई कठड्यावरून उतरली, फुलझाडांत धपकन पडली, उठली, आणि गुडघ्याला माती लागलेल्या अवतारात इमारतीला वळसा घालून पुढच्या दाराशी आली. तिने बेल वाजवली. या घराची बेल कशी वाजते, हे तिला आज पहिल्यांदाच कळलं.

"कोण?"

"ताई."

"काय काम आहे?"

"तुझ्याशी बोलायचंय."

बारकू म्हणाला, "मीटिंग चालू आहे. थांब, बोलावतो."

ताई निमूट पायरीवर बसली. आजोबांनी वरून डोकावून विचारलं, "झाल्या का खिडक्या?" तिने हातमोजे पाठीमागे लपवले.

शेवटी दार उघडलं. "ये," बारकू म्हणाला. "पाय पूस."

ताईने पाय पुसले आणि तिथेच उभी राहून सगळं सांगून टाकलं. पातेलं, फ्रिज, बटण, टॉवेल. पर्समधून डबी काढली, डबीतून किल्ली काढली. बारकू ऐकत होता.

"म्हणजे भास नव्हता," तो म्हणाला.

"नव्हता रे."

"म्हणजे माझंच बरोबर होतं."

"तुझंच बरोबर होतं."

तो मॅडमकडे वळला. "वरच्या मंडळींना सांगा. चोर नाही. ताई."

"सांगते," मॅडम म्हणाल्या. "आणि बारकू, चूक माझी. तुम्ही सांगत होतात तेव्हाच मी तुमच्यावर विश्वास ठेवायला हवा होता." मदतनीस बाईंनीही मान खाली घालून "हो," म्हटलं.

"तू मान हलवली होतीस," बारकू ताईला म्हणाला. ओरडला असता तर बरं, असं ताईला वाटलं. ती रडायलाच लागली.

"मला करमत नाही रे तुझ्याशिवाय. घर खायला उठतं. इथं येऊन एखादं पातेलं घासलं की बरं वाटायचं."

बारकू विचारात पडला. त्याचा विचार चालू असताना मधे बोलायचं नसतं, हे ताईला त्याच्या जन्मापासून माहीत होतं, आणि आज पहिल्यांदा ती खरोखरच गप्प बसली.

"मी असेन तेव्हा ये," तो अखेर म्हणाला. "बेल वाजवून. पातेली मी घासतो. तू बसायचं." मग त्याने तिच्या हातातली किल्ली घेतली, आपल्या खिशातला जुडगा काढला आणि त्यातली एक किल्ली नखाने हळूहळू सोडवून तिच्या तळहातावर ठेवली. ताईच्या घराची होती.

"अरे, ही असू दे तुझ्याकडे!"

"नको. मीपण कधी बेल वाजवली नाही."

पुढच्या रविवारी ताई कपाट आवरत होती. टॉवेलला तीन घड्या घालायच्या तर कड आत कशी जाते, हे तिला काही केल्या जमत नव्हतं. तेवढ्यात बेल वाजली. ताई धावली. दाराच्या भिंगातून पाहिलं तर बारकू! इस्त्रीचा शर्ट, चापून बसवलेले केस, हातात आइस्क्रीम केकचा खोका. तिने कडीला हात घातला आणि एकदम तिला नियम आठवला. डोळे पुसून, घसा खाकरून तिने विचारलं, "कोण?"

बाहेरून वैतागलेला आवाज आला, "अगं, दिसत नाही का? तुझा भाऊ! उघड लवकर, केक पातळ होतोय."