एकशे छप्पन मीटरवरचा थर

सलग चौथ्या दिवशी पडद्यावर तीच रेघ उमटली आणि ऑर्नेल्लाला आनंद पोटात मावेना. अंटार्क्टिकावरच्या त्या इटालियन तळावर तिचं काम एकच. बर्फात उभा केलेला सोडार दर सहा सेकंदांनी आकाशाकडे शिट्टी घाली, आणि थंड-उबदार हवेच्या सीमेवरून प्रतिध्वनी किती वेळात परततो, त्यावरून ऑर्नेल्ला हवेच्या थराची उंची काढी. आता रोज सकाळी अकराला, बरोबर एकशे छप्पन मीटरवर, एक ठसठशीत थर उगवत होता आणि पंधरा मिनिटांत गडप होत होता. असलं काही कुणी पाहिलं नव्हतं. तिने रोमला आपल्या मार्गदर्शक सरांना कळवलं. सर तिच्याहून उतावळे. उद्याच्या परिषदेत जाहीर करतो म्हणाले, आणि थराला ऑर्नेल्लाचं नाव देऊन मोकळेही झाले.

दुसऱ्या दिवशी आपल्या नावाचा थर उगवताना पाहावा म्हणून ती अकराला बाहेर आली. आकाशात काहीच नव्हतं. सोडारशेजारच्या बर्फाच्या खड्ड्यातून तळाचा स्वयंपाकी गास्पारे जेवणासाठी गोठलेलं मटण उकरत होता. सोडारने शिट्टी घातली. गास्पारेने कुऱ्हाड थांबवली, एक श्वास घेतला आणि अगदी त्याच सुरात शिट्टी परत केली. मध्ये गेला बरोबर एक सेकंद. एवढ्या थंडीत आवाजाच्या जाऊन-येऊन एका सेकंदाचे मीटर किती होतात, हे ऑर्नेल्लाला झोपेतही सांगता आलं असतं: एकशे छप्पन.

"हे काय चाललंय तुमचं?" उणे तीस अंशांत तिला घाम फुटला.

"ओ देतोय," गास्पारे म्हणाला. "आम्ही सार्डिनियाचे धनगर, पोरी, मी काय अन् शेजारच्या तळावर स्वयंपाक करणारा माझा भाऊ काय. डोंगरात कुणी शिट्टी घातली आणि आपण गप्प राहिलो, तर समोरच्याला वाटतं, हा मेला तरी किंवा रुसला तरी."

"अहो, यंत्र आहे ते."

"असेना का. दिवसभर हाका मारतंय बिचारं. तुम्हा शिकलेल्यांपैकी एकानं तरी विचारलं का, काय हवंय म्हणून?"

ऑर्नेल्ला धडपडत आत पळाली. सगळी अब्रू आता एका फोनवर होती. पण तिने तोंड उघडण्याआधीच पलीकडून सर सुरू झाले. जाहीर करून झालं होतं, टाळ्याही पडल्या होत्या. फक्त एक घोटाळा झाला होता.

"शेजारच्या तळावरचे लोक उठून उभे राहिले," सर संतापाने म्हणाले. "म्हणे, हा थर आम्हाला दोन वर्षांपासून दिसतोय. बरोबर एकशे छप्पन मीटरवर. शोध आमचा, नावही आमचंच लागलं पाहिजे. तू सगळे पुरावे पाठव, मी बघतो एकेकाला."

ऑर्नेल्लाने फोन घट्ट धरला. अकरा वाजल्यापासून पहिल्यांदाच तिला मोकळा श्वास घेता आला.

"जाऊ द्या सर," ती मोठ्या मनाने म्हणाली. "त्यांचंच नाव लावा."