फोन आधी, पिच्चर मागनं

शांतारामभाऊ जिन्यात उभे असले की मला पहिल्या पायरीवर थांबावं लागतं. आधी सिलिंडरवाला, मग भाजीची पिशवी घेतलेल्या मावशी आणि सगळ्यात शेवटी माझ्यासारखे मोकळ्या हातांनी हिंडणारे. “तुमाला काय घाई हाय?” असं ते वर विचारतात. मला कायमच घाई असते.

भाऊ टेलिफोन खात्यातले निवृत्त लाइनमन. बेगडेवाडी स्टेशनजवळच्या आमच्या इमारतीत मोबाइलला रेंज नाही, म्हणून आठ घरांनी मिळून फोनसकट सगळ्यासाठी इंटरनेटची एक लाइन घेतली आणि तिचा कारभार भाऊंकडे दिला. तेव्हा आमची अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे. भाऊंनी पहिल्याच दिवशी लाइनच्या मशिनमध्ये नियम बसवला: फोन आधी, पिच्चर मागनं. गर्दी झाली की बोलणं पुढे, चित्रं मागे. पडद्यावर हलेल ते सगळं त्यांच्या लेखी पिच्चर, मग ती माझी ऑफिसची मीटिंग का असेना. सामन्याच्या शेवटच्या षटकात माझ्याकडे नुसतं चक्र फिरत होतं आणि खालच्या मजल्यावरून कुणीतरी फोनवर अळूवडीची कृती सांगत होतं.

“बोलनं आडलं की मानूस आडतो,” भाऊ म्हणाले. “पिच्चर काय, परत लागतो.”

एका रविवारी पुन्हा चक्र फिरू लागलं, तेव्हा मी तावातावाने भांडायलाच गेलो. दार उघडंच होतं. भाऊ हातात फोन घेऊन खोलीभर येरझाऱ्या घालत होते. फोनच्या पडद्यावर एक बाई दोन्ही हात वर करून थिजली होती.

“भैन माजी, गंगू. बेडसे गावात आसती,” ते म्हणाले. “तिला जल्मापास्नं ऐकू येत न्हाई, बोलता येत न्हाई. आमी हातानंच बोलतो. मालक गेल्यापास्नं एकटी हाय. मी म्हनलं, हितं ऱ्हायला ये. काय तरी सांगाया लागली आन् आडकली. येती म्हनली का न्हाई, काय कळंना.”

“मग तिला घ्या की पुढे. मशीन तुमच्याच हातात आहे.”

“वरच्या मावशींचा डाक्टरसंगं फोन चाललाय. आन् भैनीसाटी नेम मोडला, तर उद्या तुमीच मला इचाराल.”

विचारलंच असतं. मला स्वतःची लाज वाटली. मी स्कूटरची किल्ली घेऊन आलो आणि त्यांना मागे बसवलं.

कामशेतच्या अलीकडे मी एका ट्रकमागे रेंगाळलो, तर मागून खांद्यावर थाप पडली. “घ्या की पुढं,” भाऊ म्हणाले.

बेडशाला गंगूताई ओट्यावरच बसल्या होत्या, हातात फोन तसाच. भाऊंना पाहताच त्यांचे हात भराभर चालू लागले. अख्खा जिना दणाणून सोडणारा हा माणूस त्यांच्यासमोर उकिडवा बसून अवाक्षरही न काढता हातांनी बोलत होता. मध्येच त्याचे हात थांबले.

“काय म्हणतात?” मी विचारलं.

“येत न्हाई म्हनती. तूच हितं ये, म्हनती.” भाऊंनी उपरण्याने डोळे पुसले. “वरीस झालं, हेच सांगतीया म्हनं. मला कवा दिसलंच न्हाई.”

आपण निघायचं का, असं मी विचारलं. भाऊंनी माझ्याकडे न बघताच नकारार्थी मान हलवली.

“तुमी व्हा पुढं,” ते म्हणाले. “आमचं बोलनं लय तुंबलंय.”