सुशीलाच्या साडीवरची साखर

वामनकाकांच्या दाराची घंटी वाजवायची नाही. तसा कागदच चिकटवलाय दारावर: 'घंटी मारू नये. रेकॉर्डिंग चालू असते. मिस्ड कॉल द्यावा.' मिस्ड कॉल दिला की काका घरातले सगळे पंखे बंद करतात, फ्रिजचं बटण दाबतात, कडी हळूच काढतात, आणि बसा म्हणायच्या आधी तुमच्या तोंडासमोर माईक धरतात.

"बोल, बेटा."

काय बोलायचं तेही ठरलेलं. 'पप्पूनं पपई पाटावर आपटली, सुशीलाच्या साडीवर साखर सांडली.' सुशीला म्हणजे आमच्या काकू. पप्पू कोण, देव जाणे. हे वाक्य मी म्हटलंय, दूधवाल्यानं म्हटलंय. सिलेंडरवाल्यानं तर आपल्या तेलुगू जिभेनं ते असं काही म्हटलं, की काकू पदर तोंडाला लावून आत पळाल्या.

मी मूळची पुण्याची. नोकरीसाठी हैदराबादला आले आणि चिक्कडपल्लीत काकांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते. काकांचं घराणं पिढ्यान् पिढ्या इथलं. वीजखात्यातून रिटायर झाले आणि म्हणे दोन महिने नुसते खिडकीशी बसून होते. मग एकदा नातेवाईकाच्या लग्नात कुणीतरी मोबाईलवर काकूंचं गाणं टिपलं, ते घुसमटल्यासारखं ऐकू आलं, आणि काकांच्या डोक्यात घरच्या घरी स्टुडिओ उभा राहिला.

स्टुडिओ म्हणजे लाकडी कपाट. त्याची दारं उघडायची, आतल्या गोधड्या आणि दुलया नीट लावायच्या म्हणजे आवाज घुमत नाही, आणि काकूंना तोंड कपाटाकडे करून पाटावर बसवायचं. भरतकामाच्या रिंगमध्ये जुनी मलमल ताणून माईकपुढे लावायची, म्हणजे 'प' म्हणताना फुंकर बसत नाही. महागाचं काही घ्यायचं नाही, हा काकांचा बाणा. "दाम कमी, काम पूरा," असं म्हणतात आणि कोठीच्या बाजारातल्या गल्लीकडे निघतात. तिथल्या करीमभाईंच्या दुकानातून एक माईक आणायचा, आठ दिवसांनी बदलायचा.

माईकचं ज्ञान मात्र खरंच आहे हं. मला एकदा जिन्यातच अडवून शिकवलं. "कंडेन्सर माईक म्हणजे शेजारीण. तीन घरं पलीकडचा कुकरसुद्धा ऐकते. डायनॅमिक माईक म्हणजे नवरा. अगदी तोंडाशी जाऊन बोलल्याबिगर काही ऐकत नाही."

"अनुभवाचे बोल," आतून काकू म्हणाल्या. काकांनी ते ऐकलं नाही.

सॉफ्टवेअरही फुकटातलं. एक महिनाभर चालायचं, मग पैसे मागायचं, की काका त्याला रामराम ठोकून दुसरं उतरवायचे. त्यात काही अडलं की मला बोलावणं. "तू सॉफ्टवेअरवाली ना?" अहो काका, मी पगारपत्रकांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधते! पण ऐकतो कोण.

यंदा मात्र प्रकरण अटीतटीला आलं. लेकीला परदेशात मुलगी झाली आणि बारसं ठरलं. काकूंच्या गुडघ्यांमुळे जाणं शक्य नव्हतं. काकूंच्या आईनं रचलेला एक पाळणा आहे. लेकीच्या बारशाला तोच म्हटला होता, आता नातीच्या बारशाला तो काकूंच्याच आवाजात वाजायला हवा, असा लेकीचा हट्ट. काकू रोज संध्याकाळी कपाटासमोर बसून पाळणा म्हणायच्या आणि विचारायच्या, "कसं झालं?"

"एकदम बढिया!" शेवटची ओळ संपायच्या आतच काका म्हणायचे. मग हेडफोन लावून ऐकायचे आणि तोंड पाडायचे. "प आला, ब आला. साखर कुठं गेली? हा माईक स खातो. चमक नाही आवाजात."

की निघाले कोठीला. चार माईक झाले. चौथ्या वेळी करीमभाईंनी हात जोडले म्हणे. "चच्चा, सब तो आ रा. और क्या होना?" काका त्यांच्यावरही रुसून आले. बारसं परवावर आलं आणि पाळणा घरातच.

तेव्हा काकूंनी मला हाक मारली. मी हेडफोन लावला. अगं बाई, काय तो आवाज! जुना, जरासा खरबरीत आणि गोड. 'स' तर असा लख्ख, की कानात कुणी हळूच फुंकर घालावी. मी काकूंकडे बघितलं. त्यांनी नुसती मान हलवली आणि डोळ्यांनीच 'गप्प' म्हणाल्या.

पण मी कसली गप्प बसते! आवाज स्पीकरवर लावला आणि वरच्या पट्टीतले सूर वाढवायचं बटण सरकवत नेलं. निम्म्यावर माझ्या कानांत झिणझिण्या आल्या. पाऊण झालं तसं काकूंनी कान झाकले. शेवटाला पोचले तेव्हा पत्रा खरवडल्यासारखं होत होतं, मीही दोन्ही कानांत बोटं घातली.

कोपऱ्यात रुसून बसलेले काका मात्र उठून उभे राहिले. "आली! साखर आली! बघा, हीच माझी सुशीला!" चेहरा नुसता उजळला होता. आणि वळून बघतात तो आम्ही दोघी कान झाकून बसलेल्या.

मी घाईनं आवाज बंद केला. माझंच मला वाईट वाटलं.

"म्हणजे माईक चांगला होता," काका हळूच म्हणाले.

"हौ," काकू म्हणाल्या. "चारही चांगले होते."

"तुला माहीत होतं?"

"दोन वर्षं झाली. गाणं संपायच्या आधीच बढिया म्हणता तुम्ही."

"मग बोलली कायकू नाही?"

काकू पदराशी चाळा करत बसल्या. "बोलले असते तर तुम्ही पुन्हा खिडकीशी जाऊन बसला असता. आणि मला रोज संध्याकाळी गा म्हणणारं दुसरं कोण आहे?"

त्याच दिवशी पाळणा लेकीला गेला, बटणं पुन्हा मूळ जागी आणून. बारशाला तो वाजला आणि तिकडून फोनवर लेक रडली, इकडे काकू रडल्या. काका दुसऱ्या दिवशी उस्मानिया बिस्किटांचा पुडा घेऊन करीमभाईंची माफी मागून आले आणि येताना कानाच्या डॉक्टरांकडे गेले. स्वस्तातलं मशीन आणलं. डॉक्टरीणबाईंना पप्पूचं वाक्य सात वेळा म्हणायला लावलं म्हणे.

परवा मी सहज खाली गेले होते. काका खुर्चीत बसले होते, माईक कपाटात गोधड्यांवर पडला होता. पंखा चालू, फ्रिज चालू. स्वयंपाकघरात काकू भांडी विसळता विसळता पाळणाच गुणगुणत होत्या. संपला तसं सवयीनं विचारलं, "कसं झालं?"

काकांचं 'बढिया' काही आलं नाही.

काकू ओल्या हातांनी बाहेर आल्या. काका कानाच्या मशीनवर बोट ठेवून बसले होते आणि डोळे भरून आले होते.

"पुन्हा म्हण," ते म्हणाले.