बोरटेंभ्याचा शिल्लक प्रवासी

बोरटेंभा स्टेशन एकोणसत्तर साली बंद झाले. चार्ज घ्यायला मात्र कोणी आले नाही, आणि चार्ज दिल्याशिवाय मास्तर जागचा हलत नाही. त्यामुळे आनंदराव मास्तर नऊ वर्षे रोज कोट चढवून, न थांबणाऱ्या गाडीला हिरवी झेंडी दाखवत राहिले. मग वारले. तेराव्याच्या दिवशी त्यांच्या मुलीच्या, शामलाच्या हाती नोटीस पडली: ‘आपण तेरा दिवस विनापरवानगी गैरहजर आहात. खुलासा करावा.’

तिने मृत्यूचा दाखला धाडला. उत्तर आले: ‘कारण समाधानकारक आहे. तथापि चार्ज दिल्याखेरीज कार्यमुक्त करता येत नाही.’

शामलाला ‘कार्यमुक्त’ एवढा एकच शब्द हवा होता. जन्मभर ड्युटीवर असलेला माणूस मेल्यावर तरी सुटावा.

अखेर नागपूरहून निरीक्षक चंपतराव आले आणि यादी जुळवू लागले. घंटा एक. झेंड्या दोन. वाळूची बादली एक. प्रवासी एक.

“प्रवासी?” चंपतरावांनी विचारले.

बाकावरून धोंडबा उठला. स्टेशन बंद झाले त्या दिवशी तो भिवापूरचे तिकीट काढून बसला होता. गाडी न थांबताच गेली, तेव्हा मास्तरांनी त्याला यादीत चढवले.

“मास्तर म्हणे, तू गेला तं माही यादी जुळत नाही गा,” धोंडबा म्हणाला. “मंग येतो रोज. घरी तरी काय करून राहिलो?”

“त्यांना आता कायमचे घरी जाऊ द्या,” शामला म्हणाली.

“तिकीट आहे. घरी गेला तर प्रवासी गहाळ.”

“मग गाडी थांबवा.”

“बंद स्टेशनावर?”

“मग स्टेशन सुरू करा.”

“प्रवासी नसताना?”

“हे आहेत ना!”

“एकच,” चंपतराव खिन्नपणे म्हणाले. “तोही जुना साठा.”

इतक्यात शिटी ऐकू आली. शामलाने लाल झेंडी उचलली आणि ती रुळांमध्ये जाऊन उभी राहिली. नऊ वर्षांनी गाडी थांबली.

“चाला काका, बसा लवकर!”

“मिरच्या आणाले चाललो होतो वं पोरी,” पायरी चढता चढता धोंडबा म्हणाला. “आता कायले घ्याच्या होत्या तेच आठवत नाही.”

शामलाने घंटा बडवली, हिरवी झेंडी हलवली आणि ती पोट दुखेपर्यंत हसली. चंपतरावांनी लिहिले: प्रवासी निरंक. आनंदराव कार्यमुक्त.

महिनाभराने पत्र आले: ‘बोरटेंभा येथे गाडी थांबून चार मिनिटे उशीर झाल्याची चाळीस प्रवाशांची तक्रार प्राप्त झाली आहे. ज्याअर्थी गाडी थांबली, त्याअर्थी स्टेशन सुरू आहे. ज्याअर्थी स्टेशन सुरू आहे, त्याअर्थी मास्तर हजर आहेत. सबब कार्यमुक्तीचा आदेश रद्द. गैरहजेरी माफ.’

सोबत तक्रारीची नक्कल होती. सगळे रोजचे प्रवासी. नऊ वर्षे खिडकीतून धोंडबाला बाकावर बसलेला पाहत गेले, तेव्हा एकाच्याही खिशातून पेन निघाले नव्हते.

एकोणचाळीस सह्या शामलाला वाचता आल्या. चाळिसावी काही केल्या लागत नाही. जरा बघता का? अक्षर तुमच्यासारखे वाटते.