सोफ्यावरची दाढ

रद्दी लपवावी तर मीच! आमच्या छापखान्यात माझा हात कोणी धरणार नाही. मालकांना खराब कागदांचा ढीग दिसला की त्यांचा रक्तदाब मशीनपेक्षा जोरात पळतो. म्हणून मी युक्ती काढली. खराब गठ्ठ्यावर एक स्वच्छ छापलेलं पत्रक ठेवायचं आणि चांगल्या मालावर धूळ बसू नये म्हणून एक खराब कागद. मालक खूश, माल सुरक्षित, मी हुशार!

फक्त ही हुशारी टेम्पोवाल्याला सांगायची राहिली.

त्याने बिचाऱ्याने वरचं पान बघितलं. देखणा गठ्ठा घरोघरी वाटायला दिला, आणि सोफ्याच्या दुकानाची पाच हजार चकचकीत पत्रकं लगदा करायला पोचवली!

मला हे कळलं घरी, चहा पिताना. दारात पडलेली पत्रकं बायको न बघता रद्दीत टाकते. त्या दिवशी उभ्या उभ्या वाचत होती.

"अहो, हा सोफा दाढ कशाला काढतोय?"

चहा नाकात गेला! शाई नीट लागेपर्यंत आम्ही तेच खराब कागद पुन्हा पुन्हा मशीनमधून काढतो. त्यामुळे सोफ्याच्या चित्राखाली मागच्या महिन्यातली दातांच्या दवाखान्याची जाहिरात होती. सोफ्याच्या मधोमध ही एवढी दाढ! आणि मजकूर? 'जुना सोफा आणा, भूल देऊन काढू. पाहुण्यांसाठी मऊ कवळी. तिघांना एकदम बसवून मिळेल.'

"गेली माझी नोकरी!"

"का हो? चांगलं लिहिलंय की. असं असेल तर मी रोज वाचीन."

सकाळी छापखान्याच्या दारातच मालक उभे. शेजारी सोफावाला, हातात पत्रक.

"हे कोणी केलं?" सोफावाल्याने विचारलं.

"मी. पण साहेब, घरी बायको आहे, मुलीचं कॉलेज आहे..."

"अहो, दुकानात पाय ठेवायला जागा नाही! एक आजोबा तर आ करूनच सोफ्यावर बसलेत! जन्मात पहिल्यांदा माझं पत्रक कोणी वाचलं. अजून दहा हजार द्या. अश्शीच!"

मालकांनी मला मिठी मारली. शाईच्या कपड्यांसकट!

आता चुकून झालेलं मुद्दाम करायचं होतं. तीन दिवस खपलो. पण हाताला वळणच सरळ! दाढ बरोबर मध्यभागी, रंग जागच्या जागी, अक्षर न्‌ अक्षर स्पष्ट.

सोफावाल्याने नमुना बघितला आणि तोंड वाकडं केलं. "छे! फारच नीटनेटक्या चुका आहेत."

"सरका बाजूला," म्हणत मालक स्वतः मशीनवर उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच! पहिल्याच कागदावर दाढ उलटी, सोफा तिरका आणि दुकानाचा पत्ता कागदाच्या बाहेर.

सोफावाला गहिवरला. "ह्याला म्हणतात हात!"

माझी नोकरी शाबूत आहे. मी पूर्वीसारखं नीट छापतो. बिघडवायचं काम मालकांकडे असतं. आणि खरं सांगू? असली देणगी उपजतच असावी लागते हो!