सरकारला पिसवा झाल्या तेव्हा

शनिवारपर्यंत थांबायचं नाही, असं जावईबापूंनी एका सकाळी दात घासता घासता ठरवलं आणि तिथेच सगळं बिघडलं.

थांबायचं होतं ते सरकारला जनावरांच्या डॉक्टरकडे नेण्यासाठी. सरकार म्हणजे सासूबाईंचं मांजर. पांढरं, जाडजूड, कुणाचंही न ऐकणारं, बराचसा वेळ झोपून काढणारं आणि तरीही घरादाराला आपल्यामागे धावायला लावणारं. नाव सासूबाईंनी विचार करूनच ठेवलं होतं. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, त्या हॉस्पिटलात दाखल झाल्या, सोबतीला जावईबापूंची बायको गेली आणि इकडे जावईबापूंच्या घरी मुक्कामाला आले सासरेबुवा आणि सरकार. त्यांच्या पाठोपाठ, कुणी न बोलावता, पिसवाही आल्या.

जावईबापूंचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर उभं राहायचं काम. आदल्या दिवशी एका बाईंच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत "आता कसं दिसतंय?" असं विचारताना त्यांनी पाय असा काही झाडला की बाई म्हणाल्या, "तुम्ही नाचताय असं दिसतंय."

बायकोने फोनवर बजावलं होतं, "शनिवारी मी घरी येते, मग आपण दोघं नेऊ त्याला डॉक्टरकडे. तोवर काही उद्योग करू नका."

"मी कशाला उद्योग करतोय?"

"तुमचा आवाज उद्योग करणाऱ्या माणसासारखा येतोय."

वरच्या मजल्यावर वासराएवढा कुत्रा पाळलेले एक गृहस्थ राहत. इमारतीत त्यांना सगळे कुत्रेकाका म्हणत (ते जवळपास नसताना). जिन्यात गाठ पडली, जावईबापूंनी खाजवत खाजवत दुःख सांगितलं आणि कुत्रेकाकांनी तिथल्या तिथे घरातून अर्धवट वापरलेली औषधाची एक नळी आणून हातावर ठेवली.

"मानेवर थेंब टाकायचे. एकदा टाकले की महिनाभर बघायला नको."

"मांजराला चालेल ना?"

"अहो, पिसू ती पिसू. ती कुणाच्या अंगावर बसलीय हे तिला तरी कुठे माहीत असतं?"

हे जावईबापूंना बिनतोड वाटलं. त्यांनी हिशोबही केला (तेवढीच जबाबदारीची जाणीव): एवढ्या थोरल्या कुत्र्याला नळीभर लागतं, तर मांजराला थोडंसं पुरे. नळीवर बारीक अक्षरांत काहीबाही छापलं होतं. ते वाचायला त्यांनी हात लांब केला, आणखी लांब केला, पण हात खांद्यापाशी संपला आणि अक्षरं काही ठरेनात. स्वतःला जवळचा चष्मा लागलाय हे जावईबापूंनी अजून मान्य केलं नव्हतं. गावाला चष्मे लावणाऱ्या माणसाच्या मनाला या गोष्टी फार लागतात.

"बाबा, जरा सरकारला धरता?"

"बरं," सासरेबुवा म्हणाले. सासरेबुवा प्रत्येक गोष्टीला "बरं" म्हणत. सासूबाईंबरोबर इतकी वर्षं काढल्यावर दुसरा शब्द लागतच नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. अर्थात तेही ते कधी म्हणाले नव्हते, चेहऱ्यावरून कळायचं.

मानेवरचे केस बाजूला करून जावईबापूंनी थेंब टाकले. सरकारने दोघांकडे तुच्छतेने पाहिलं आणि ते पलंगाखाली गेलं. जावईबापू हात धुऊन, शीळ घालत दुकानात गेले.

दुपारी दुकानात फोन वाजला.

"जावईबापू, सरकार कान झटकतंय."

"झटकू द्या की, बाबा. पिसवा मरत असतील."

"बरं."

थोड्या वेळाने पुन्हा फोन. "आता पाय पण झटकतंय."

"बाबा..."

"आणि तोंडातून लाळ येतेय. आणि थरथरतंय, असं..." सासरेबुवांनी फोनवरच थरथरून दाखवलं असावं, कारण पलीकडून नुसताच खुळखुळाट आला.

समोरच्या गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची चौकट तशीच ठेवून जावईबापू धावत सुटले. धावता धावताच त्यांनी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"डॉक्टर, सरकारची अवस्था फार वाईट आहे हो!"

"असेल. पण मी राजकारणात पडत नाही. माझ्याकडे पेशंट खोळंबलेत."

"मांजर हो, मांजर! सरकार त्याचं नाव आहे. पिसवांचं औषध टाकलं मानेवर."

"मांजरांचंच होतं ना?"

"कुत्रेकाकांचं होतं."

"कुणाचं?"

"म्हणजे काकांच्या कुत्र्याचं."

मग बाईंचा आवाज एकदम बदलला. "नीट ऐका. कुत्र्यांच्या काही औषधांत जे असतं ते मांजराला सोसत नाही, थोडंसंही नाही. कोमट पाण्यात भांडी घासायचा लिक्विड साबण घ्या आणि मान, पाठ स्वच्छ धुवा. पाणी कडकडीत नको, गार नको. चाटू देऊ नका. टॉवेलात गुंडाळा आणि तसंच घेऊन या. नळीही आणा. गुगलवर वाचत बसू नका!"

घरी सासरेबुवा सरकारला छातीशी धरून जिन्यातच उभे होते. दोघंही थरथरत होते.

पुढे बाथरूममध्ये जे झालं त्याला आंघोळ म्हणणं म्हणजे वादळाला वारा म्हणण्यासारखं आहे. आजारी असलं तरी सरकार सरकारच होतं. जावईबापूंच्या मनगटावर, गळ्यावर आणि (कसं कोण जाणे) पाठीवर ओरखडे उठले. साबणाचा फेस आरशापर्यंत उडाला. पण मधेच सरकारचा जोर ओसरला, त्याने पंजे सोडून दिले आणि ते नुसतं कापत राहिलं, तेव्हा मात्र जावईबापूंनी मनगट मुद्दाम त्याच्या पंज्यापुढे धरलं. ओरबाडत होतं तेच बरं होतं.

"हिने याला पिलू असताना आणलं," सासरेबुवा पाणी ओतता ओतता अचानक बोलू लागले. "पोरीचं लग्न झालं, घर खायला उठलं, तेव्हा. सकाळी आधी याला जेवायला घालते, मग मला. उद्या सकाळी ऑपरेशन आहे, जावईबापू. याला काही झालं असं कळलं तर ती टेबलावरून उठून चालायला लागेल."

सासरेबुवांच्या तोंडून एका दमात एवढे शब्द जावईबापूंनी आजवर ऐकले नव्हते. त्यांना रडूच आलं. सुदैवाने तोंडावर फेस होता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सरकारला टॉवेलसकट आत नेलं. इंजेक्शन दिलं, पुन्हा एकदा मान धुऊन काढली, ऊब दिली. बऱ्याच वेळाने बाहेर येऊन त्यांनी नळी जावईबापूंच्या पुढे धरली.

"वाचा."

जावईबापूंनी हात लांब केला. "कु... फ... इथे उजेड जरा कमी आहे."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, नळी परत घेतली आणि मोठ्याने वाचलं, "फक्त कुत्र्यांसाठी. मांजरांवर कधीही वापरू नये. आणि हे चित्र? मांजरावर फुली मारलीय ती?"

"मला वाटलं, कंपनीचा शिक्का आहे."

बाकावर पोपटाचा पिंजरा घेऊन बसलेल्या माणसाने पिंजरा हळूच दुसऱ्या बाजूला सरकवला.

"मांजराला मांजराचंच औषध," बाई म्हणाल्या. "तेही वजन करून, मला विचारून. कुत्र्याचं थोडं केलं म्हणून ते मांजराचं होत नाही. टाकायचं ते मानेवर, कवटीच्या लगेच खाली, जिथे जीभ पोचत नाही तिथे, केस बाजूला करून थेट कातडीवर. आणि घरात कुत्र्याला असलं औषध लावलं असेल, तर ते वाळेपर्यंत मांजराला त्याच्याजवळही फिरकू द्यायचं नाही. कळलं?"

"बरं," जावईबापू म्हणाले. सासरेबुवांनी त्यांच्याकडे आपुलकीने पाहिलं.

"वाचेल ना?"

"लगेच धुतलंत, लगेच आणलंत, हे फार चांगलं केलंत. पण आज इथेच राहू दे. थरथर थांबली की कळवते. आत्ताच शब्द देत नाही."

शब्द न घेता दोघं घरी आले. सरकारची ताटली स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तशीच पडली होती. सासरेबुवांनी ती धुऊन पुसून पुन्हा जागेवर ठेवली. कुणी दिवा लावला नाही. जावईबापूंच्या डोळ्यांपुढे एकच दृश्य येत होतं: आपण हॉस्पिटलात जातोय, सासूबाई विचारताहेत आणि आपण भिंतीवरचं कॅलेंडर बघतोय.

एवढ्यात बायकोचा फोन आला. आवाज खाली आणून ती बोलत होती. "ऐका, आईचं बीपी वाढलंय. डॉक्टर म्हणतात, उतरलं नाही तर उद्याचं पुढे ढकलावं लागेल. घाबरलीय ती. सरकारशी बोलायचं म्हणतेय. फोन त्याच्या कानाला लावा."

"आत्ता?"

"मग काय पुढच्या वर्षी? स्पीकरवर टाकते."

फोनवर सासूबाईंचा आवाज आला, नेहमीपेक्षा बारीक, "सरकार! ए राजा! बोल रे आईशी."

जावईबापूंनी सासरेबुवांकडे पाहिलं. सासरेबुवांनी छताकडे पाहिलं. सांगावं तर बीपी, न सांगावं तर शांतता, आणि शांतता तर लांबतच चालली होती. जावईबापूंनी घसा खाकरला, डोळे मिटले आणि म्हणाले, "म्याँव."

सासरेबुवांनी हातानेच ‘आणखी एकदा’ अशी खूण केली.

"म्या... म्याँऽव."

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "माझं मांजर बोलण्याआधी खाकरत नाही. काय झालंय ते खरं सांगा."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. जावईबापूंनी सगळं सांगितलं: पिसवा, जिना, नळी, फेस, इंजेक्शन, सगळं. मधे एकदाही स्वतःची बाजू घेतली नाही (घ्यायला बाजूच नव्हती). बायकोचा श्वास फोनमधून ऐकू येत होता आणि तो चांगला नव्हता.

"वाचेल का?" सासूबाईंनी एवढंच विचारलं.

"आई, माहीत नाही हो," जावईबापू म्हणाले. "खरंच माहीत नाही."

तेवढ्यात सासरेबुवांचा फोन वाजला. सासरेबुवांनी तो कानाला लावला. "बरं," म्हणाले. "बरं. बरं!" तिसरं "बरं" असं काही उसळलं की जावईबापूंनी उठून दिवाच लावला.

"थरथर थांबत आलीय!" सासरेबुवा दोन्ही फोनमध्ये एकदम ओरडले. "उभं राहिलं! कंपाउंडरला बोचकारलं! बाई म्हणाल्या, उद्यापर्यंत लक्ष ठेवू, पण लक्षण चांगलं आहे!"

हॉस्पिटलमधून बराच वेळ नाक ओढल्याचा आवाज येत राहिला. दोन नाकं असावीत. मग सासूबाई म्हणाल्या, "कंपाउंडरला बोचकारलं म्हणजे आता काळजी नाही."

"आई, माझं चुकलं. मी..."

"चुकलंच. शनिवारी आमची लेक काय ते बघेलच." (बायकोने दुजोऱ्याचा हुंकार भरला.) "पण तुम्ही खोटं रेटलं नाहीत. आणि धावत गेलात. असू दे." त्या जरा थांबल्या. "जावईबापू, मला भीती वाटतेय हो उद्याची. रोज झोपताना ते पायाशी असतं, गुरगुरत. इथे नुसता पंख्याचा आवाज आहे."

जावईबापूंनी फोन तोंडाजवळ धरला आणि गुरगुरायला लागले. घशात हवा घोळवत, हळू, एका लयीत. खाकरले मात्र नाहीत. सासरेबुवा समोर बसून पायावर ताल धरल्यासारखी मान हलवत राहिले. गुरगुरता गुरगुरता जावईबापूंचा घसा दुखायला लागला, पण पलीकडचा श्वास सावकाश होत गेला, तसे त्यांनी आणखी जोर लावला.

शेवटी बायको हळूच म्हणाली, "अहो, झोपली."

जावईबापूंना भरून आलं. एवढ्या धडपडीच्या दिवसात आपल्या हातून एक गोष्ट तरी बिनचूक झाली, असं त्यांना वाटलं.

"मग ठेवू फोन?"

"थांबा जरा," बायको आणखी हळू म्हणाली. "स्पीकर बंद करायचा राहिला होता. अख्ख्या वॉर्डाने ऐकलं. नर्स दारात उभी राहून हसतेय. आणि शेजारच्या कॉटवरच्या आजींनाही झोप येत नाहीये. त्या विचारतायत, त्यांच्या घरी म्हैस आहे, तर जमेल का?"